फोनमध्ये दिसलेलं शिरूर

आल्याच्या चहाचा वास आला की मला शिरूरच्या एसटी स्टँडसमोरची टपरी आठवते. जवळच्या निमोणे गावाहून आलेले आम्ही तिघं मित्र तिथं, पुणं चांगलं की बंगलोर, यावरून हमरीतुमरीवर आलो होतो. एकाला पुण्याची हवा हवी होती, दुसऱ्याला बंगलोरचा पगार. मी म्हणालो, "कुठंबी जाऊ, पर हितं न्हाई राहायचं. हाय काय शिरूरमधी? स्टँड आन् धूळ!" शेजारच्या बाकावर कंपनीच्या निळ्या शर्टातला एक बिहारी कामगार आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. त्यानं फोन सावकाश फिरवत तिला एसट्या दाखवल्या, कपड्यांची दुकानं दाखवली, मिठाईवाल्याची काचेची कपाटं दाखवली. "देखो माई, ई हमारा शहर है." मग फोन आमच्यावर येऊन थांबला. "और ये यहाँ के लोग." पडद्यावरच्या म्हातारीनं डोक्यावरचा पदर सावरून आम्हाला हात जोडले. आम्हीही जोडले. आता मी बंगलोरला चौदाव्या मजल्यावर राहतो. आई फोनवर म्हणते, "शहर दाव की रं." मी फोन खिडकीबाहेर धरतो, सगळं दाखवतो, पण 'हे आमचं शहर' असं अजून तोंडातून निघत नाही.