पहिल्या दुधाचा मान

राजेश्वरीला राग उशिरा यायचा, पण एकदा आला की तिला अन्न गोड लागायचं नाही. विश्रामबागेतल्या एका छोट्या कंपनीत ती दूध तपासायच्या मशीनचे प्रोग्राम लिहायची. माहेर आष्ट्याचं, घरात म्हशी, गावाकडचं बोलणं तिला लगेच कळायचं. म्हणून डेअऱ्यांचे फोन ऑफिसात सगळे तिच्याच गळ्यात घालत.

त्या दिवशी मानसिंगचा फोन आला. आष्ट्याजवळच्या एका गावातल्या डेअरीचा तो सेक्रेटरी. आश्चर्य म्हणजे त्याची तक्रार नव्हती, तो खूश होता.

"म्याडम, मशीन लय भारी हाय तुमचं. चोर घावला!"

चोर म्हणजे बनुबाई. एकटी राहणारी, दोन म्हशींवर घर चालवणारी म्हातारी. तिच्या दुधात मशीन पाणी दाखवत होतं. रोज नव्हे, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी, आणि गावात फक्त तिच्याच. डेअरी आता तिचं दूध घेणं बंद करायच्या विचारात होती.

"रांगेत त्यांचा नंबर कितवा असतो?" राजेश्वरीने विचारलं.

"पयला की. डेअरीला जागा तिच्या मालकानं दिलीया. मशीन चालू झालं की पयलं दूध तिचंच, तसा मानच हाय."

ऑफिसात मशीन तपासताना पहिलं रीडिंग कुणी धरतच नसे. एक नमुना घालायचा, तो सोडून द्यायचा, मग पुढचे लिहून घ्यायचे, अशी सगळ्यांची सवय. इथे जे फेकून देत होते, तेच गावात मानाने एका म्हातारीच्या पदरात पडत होतं.

ती प्रोग्राम उघडून बसली. मशीनच्या चिपचे दोन भाग एकाच वेळी काम करतात. एक दूध मोजतो, दुसरा हिशेब करून चिठ्ठी छापतो. दोघांना आकड्यांचा एकच तक्ता लागतो, आणि तो पहिलं दूध आल्यावरच भरला जातो. एक भाग तक्ता भरत असताना दुसऱ्याने थांबावं, म्हणून कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, आपणहून तिथे राखण बसवतो. तक्ता पुरता लिहून होण्याआधी 'तयार' ही खूण दुसऱ्या भागाला दिसू नये, म्हणून मेमरी बॅरियर नावाची आडकाठीही घालतो. इथे यातलं काहीच नव्हतं. भात चुलीवर आणि पंगत मात्र बसलेली! अर्धवट तक्त्यावरून हिशेब झाला की चांगल्या दुधात पाणी दिसायचं.

कंपायलरची ही सोय कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवली होती. लहान, स्वस्त चिपमध्ये प्रोग्राम कोंबता यावा म्हणून. कुणीतरी म्हणजे कंपनीचा मालक उदयसिंह.

"सर, त्या बाईला गाव चोर म्हणतंय."

"मग दुरुस्त कर. 'नवीन सुविधा' म्हणून पाठवून दे सगळीकडे. चूक झाली वगैरे लिहायचं नाही. एका म्हातारीसाठी कंपनीची अब्रू घालवू का?"

म्हणजे अब्रू कंपनीलाच असते! राजेश्वरीने त्याच दिवशी दुरुस्ती केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न विचारता, ती त्या गावात गेली.

बनुबाई किटली घेऊन रांगेत शेवटी उभी होती. राजेश्वरीने सगळ्यांदेखत सांगितलं, "चूक मशीनची होती. आमच्या कंपनीची. यांच्या दुधात पाणी कधीच नव्हतं."

मानसिंग हसला. "ऐकलंसा न्हवं, काकी? मशीनचं चुकलं म्हनं. चला, या फुडं."

बनुबाई जागची हलली नाही. "मशीननं आकडा दावला. पाणी घातलं, ह्ये तू बोललास. चार मान्सांत बोललास. आता चार मान्सांतच बोल."

मानसिंग कॅनचं झाकण उगीच बसवत राहिला. रांगेतली माणसं आपापल्या किटल्या पुढे सरकवू लागली. इतकी वर्षं या बाईला ओळखणारी ही माणसं, आणि एका कागदाच्या चिठ्ठीवर त्यांनी तिला चोर ठरवलं होतं. आता साधं 'चुकलं' म्हणायला यांची जीभ जड झाली होती. राजेश्वरीला सगळ्यांची शरम वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. बनुबाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग भरली किटली उचलून ती घराकडे चालू लागली.

बाहेर येऊन राजेश्वरीने फोन काढला. हे मशीन किती गावांत बसलंय ते तिला ठाऊक होतं. नोकरी राहो नाहीतर जावो. तिने दुसऱ्या गावच्या डेअरीला फोन लावला आणि विचारलं, "मशीन सुरू केल्यावर तुमच्याकडं पहिलं दूध कुणाचं असतं?"

"आप्पासोचं असायचं," पलीकडचा माणूस म्हणाला. "पर त्येचं नाव नगा काढू, म्याडम. पाणी घालतुया म्हनून त्येला आमी कवाच बंद केलाय."