तबकाखालचं पत्र

माझ्या मुलाचं पत्र आलं होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं, कारण त्याच्यावर मीच शब्बाथचा दिवा ठेवला होता. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आता येतं. पण त्या शनिवारी मी देवाशी जितकी भांडले, तितकी यजमान गेले तेव्हाही भांडले नव्हते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे अलिबागकडचे, घाण्यावर तेल काढणाऱ्यांपैकी. यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे कलकत्त्याला आलो आणि बालीगंजलाच राहून गेलो. इथल्या सिनेगॉगमधली माणसं बगदादकडून आलेल्या घराण्यांची, त्यांना माझी मराठी कळत नसे. सत्तर सालच्या आसपास यजमान वारले, मग एकुलता एक मुलगा इस्राएलला गेला, आणि मला 'आई' म्हणणारं कुणी उरलं नाही. तो निघाला त्या दिवशी मी रागाने दारापर्यंतसुद्धा गेले नाही. तरी तो दर पंधरवड्याला पत्र पाठवायचा आणि मी फुगून चार ओळींचं उत्तर द्यायची. मग पत्रं बंद झाली. तीन महिने मी पोस्टमनची वाट बघत गॅलरीत उभी राहिले. माझा राग कधीच विरघळला होता, पण ते त्याला सांगायला पत्ता तरी तोच राहिलाय की नाही, हे कळत नव्हतं.

त्या शुक्रवारी सूर्य मावळायला आला होता आणि मी नेहमीसारखी घाईत होते. कामाला येणाऱ्या मालतीने खालून टपाल आणून टेबलावर ठेवलं, ते मी पाहिलंच नाही. पितळी तबकात खोबरेलाचे दोन पेले होते. ते तबक मी टेबलावर टेकवलं, वाती लावल्या, डोळ्यांवर हात घेऊन आशीर्वाद म्हटला आणि हात काढले. तबकाच्या कडेखालून निळ्या पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता. त्यावर परदेशी तिकीट, खाली माझं नाव. आणि अक्षर माझ्या मुलाचं नव्हतं.

आमच्यात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, काही वस्तू जागच्या हलवत नाहीत. पैसे, लेखणी, हत्यारं, आणि पेटवलेला दिवा. तेल संपून तो विझला, तरी दुसऱ्या संध्याकाळी तीन तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत हलवायचा नाही. पत्र ओढावं तर तबक हलणार. पाकीट फाडणंही त्या दिवशी वर्ज्य, पण ते पुढचं. आधी तबक. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, असं का? ते म्हणाले होते, "सहा दिवस वस्तू आपल्या असतात, एक दिवस देवाच्या. त्याची वस्तू आपण कशाला उचलायची?" तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं.

रात्रभर मी ते परकं अक्षर डोळ्यांसमोर आणत होते. आईला दुसऱ्याच्या हातचं पत्र का येतं? एकच उत्तर सुचत होतं. सकाळी मालती आली, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बौदी, सोरिये दिई?" वहिनी, सरकवू का, असं ती विचारत होती. मी नाही म्हटलं. मी कडक नियमाची बाई म्हणून मिरवायची ना, ती मिरवणूक त्या क्षणी माझ्या गळ्याशी आली. ती गेल्यावर दुपारी मी दोन्ही हातांनी तबक धरलं. पितळ गार होतं. उचललं मात्र नाही. कसं थांबले, मला सांगता येत नाही. तशीच खुर्चीवर बसून रडले आणि म्हटलं, देवा, आज तो तुझा आहे. वस्तूंसारखा तोही तुझाच आहे. मी हात काढते.

चारच्या सुमाराला दार वाजलं. हातावर नुकत्याच भरलेल्या जखमेचा वण असलेला एक बंगाली गृहस्थ, काखेत संदेश मिठाईचा डबा. परदेशी जहाजावर इंजिनिअर होता. हैफा बंदरात हात यंत्रात सापडला म्हणून इस्पितळात पडला आणि त्याचं कण्हणं ऐकून शेजारच्या खाटेवरून कुणीतरी अस्खलित बंगालीत विचारपूस केली, तसा चक्रावला. तो माझा मुलगा. वर्कशॉपमध्ये ठिणग्या उडून डोळे भाजले होते, दोन महिने पट्टी होती.

"मासिमा, आपनार छेले एखन भालो आछे," तो म्हणाला. मावशी, तुमचा मुलगा आता बरा आहे. "मी निघायच्या आदल्या दिवशी पट्टी सुटली. त्याने आधी माझ्या शर्टाची बटणं मोजली. झोपेत 'आई, आई' करायचा. मी म्हटलं, कलकत्त्याला गेलो की आधी तुझ्या आईकडे जातो."

मी काय बोलले आठवत नाही. डबा ठेवायला त्याने टेबलावरचं तबक सरकवण्यासाठी हात पुढे केला. दिवसभर ज्यासाठी जीव तडफडत होता, ते आपसूक होत होतं.

"राहू द्या," मी म्हटलं. "अजून वेळ आहे."

थर्मासमधला दोन कप चहा पिऊन तो गेला. मग मी गच्चीवर गेले. थंडीचे दिवस, घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, धुरात तारे कसले दिसतात! पण त्या संध्याकाळी मला घाई नव्हती. तिसरा तारा दिसला तेव्हा खाली आले आणि तबक उचललं.

पत्र कुणा नर्सने त्याच्या सांगण्यावरून इंग्रजीत लिहिलेलं होतं. दिसेल की नाही, डॉक्टर सांगू शकत नव्हते. पुढे लिहिलं होतं, "आई, पट्टीच्या आत अंधार आहे. शुक्रवारी तू डोळ्यांवर हात घ्यायचीस, तसं मी समजतो. तू हात काढशील तेव्हा दिवा असेलच." हे पत्र शुक्रवारी एकटीने वाचलं असतं, तर माझं काय झालं असतं कोण जाणे.

आमच्याकडे संकटातून सुटलं की एलियाहू हानाबीच्या, म्हणजे कुठल्याही माणसाच्या रूपात मदतीला येतो असं मानतात त्या आमच्या संदेष्ट्याच्या, नावाने पोहे, नारळ, साखरेचा मलिदा करतात. मी केला, मालतीला आणि जिन्यातल्या सगळ्यांना वाटला. आलेला माणूस कोण होता, यावर मी वाद घालत नाही. त्याच रात्री मुलाला बारा पानी उत्तर लिहिलं. त्यात पहिल्यांदा माफी मागितली.

तो अजून तिकडेच आहे, आणि त्याची आठवण काही कमी झालेली नाही. शुक्रवारी तबक ठेवण्याआधी मी टेबलावर हात फिरवून बघते, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यांवर घेतलेले हात आता लगेच काढत नाही. तेवढा वेळ आम्ही दोघं एकाच अंधारात असतो, आणि मी देवाचे आभार मानते.