डोंगरवाला, भाग दोन

आमचा भाविक काय करतो असं कोणी विचारलं की मी सांगते, आसनगावला गोदामात खोकी उचलतो. ते खोटं नाय, पण तिथून सुटला की तो खेळ तपासतो. कम्प्युटरवरचे मोठाले खेळ, ज्यात माणूस घोड्यावर बसून वाटेल तिकडं भटकतो. खेळून झाला की त्याच्यावर यूट्यूबला बोलतो, तेही आपल्याच बोलीत. "डोंगर झ्याक केलाय, पण चढाय गेला का पाय घसरतो, उगा टाइम खातो," असं. पुष्कळ लोक ऐकतात म्हणे. तोंडावर मी त्याला रिकामटेकडा म्हणते, पण दुकानात गिऱ्हाईक नसलं की मीपण ऐकते.

मी त्याची मावशी, चंद्रकला. शहापूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भाविकची आई सकुबाई माझी थोरली बहीण. ती डोळखांबच्या वर, पाड्यावर राहते, भात नि नागली लावते. तिला दोन मुलगे. थोरला अक्षय दोन पावसाळ्यांमागं हायवेला गेला. कामावरून येत होता, मागून गाडीनं उडवला. त्याच्याबद्दल मला जास्त बोलायला लावू नका. राग येतो, नि तो काढायचा कोणावर ते कळत नाय.

कम्प्युटर अक्षयनंच आणलेला, कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला. त्यावर दोघं भाऊ एकच खेळ खेळायचे. नाव इंग्रजी होतं, आमी सगळे त्याला डोंगरवाला म्हणायचो. दोघांचा डाव वेगवेगळा साठवलेला. भाविकनं त्यातला सगळा मुलूख पालथा घातला, दरोडेखोर मारले, खजिने काढले. अक्षयचं भलतंच. त्यानं एक टेकाड धरलं आणि तिथं घर बांधलं. पुढं ओटी, बाजूला लाकडांची रास, कोंबड्यांचं खुराडं. तुला एवढा मुलूख फिरायला दिलाय आणि तू घर कसलं बांधतोस, असं मी चिडवायची. तो नुसता हसायचा. त्या खेळात बटणं न दाबता माणूस मोकळा सोडला की थोड्या वेळानं आपला आपण खाली बसायचा. अक्षय त्याला ओटीवर आणून सोडायचा नि जेवायला उठायचा.

अक्षय गेला आणि तो माणूस ओटीवर बसलेला राहिला.

रोज सांजच्याला चुलीवर भात ठेवला की सकुबाई म्हणायची, "दाव रे त्याचं घर." भाविक अक्षयचा डाव लावायचा आणि हात मागं घ्यायचा. "बसलाय ना?" ती विचारायची. "बसलाय," तो सांगायचा. भात होईपर्यंत ती बघत राहायची. पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, बाईला खूळ लागलं. मी त्यांना चांगलं सुनावलं. कोणी फोटोला हार घालतं, आमची सकुबाई घर बघते, तुमचं काय जातं?

यंदा दिवाळीनंतर डोंगरवाल्याचा दुसरा भाग यायचा होता. कंपनीनं तो भाविकला आधीच दिला, बघून मराठीत सांग कसा आहे म्हणून. असं पहिल्यांदाच झालं होतं, पोरगा हरखला. वर पाड्यावर नेटची बोंब. म्हणून त्यानं कम्प्युटर गोधडीत गुंडाळला, भाताच्या गोणीत घातला नि एसटीनं माझ्या दुकानात आणला.

खेळ चालू झाला आणि पहिल्यांदा पडद्यावर प्रश्न आला, जुना डाव संगती घ्यायचा का? एकच घेता येईल. कोणीही स्वतःचा दिला असता. भाविकनं अक्षयचा दिला. मी शेजारीच उभी होते, मलाही त्यात वावगं वाटलं नाय. आमच्यात तसंच आहे. नवा भात घरात आला की आपण आधी तोंडात घालायचा नाय. गेलेल्यांचं पान काढायचं, छपरावर ठेवायचं, मग आपण जेवायला बसायचं. नवा खेळ आलाय तर पहिला मान भावाचा. खाली लिहिलेलं होतं, की घेतलेला डाव जुन्या खेळात परत मिळणार नाय. भाविकनं ते वाचलं. त्याला वाटलं, घर आहे तसं पुढं जाईल, उलट जास्त चांगलं दिसेल.

नव्या खेळात मध्ये दोन पिढ्या उलटून गेलेल्या. माणूसही दुसराच. भाविकनं घोडा थेट त्या टेकाडावर घातला. घराला छप्पर नव्हतं. भिंती अर्ध्या उरलेल्या, आत झाड वाढलेलं. ओटीवर कोणी नव्हतं. त्यानं जुना खेळ उघडून अक्षयचा डाव शोधला. तिथं फक्त त्याचा स्वतःचा होता.

माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानात लोक रेशन कार्डाच्याही चार कॉप्या काढून ठेवतात, आणि ह्या शहाण्यानं भावाच्या डावाची एक काढली नाय. मी बोलू नये तेवढं बोलले. तो मान खाली घालून बसला. मग मलाच भडभडून आलं.

"आईला काय सांगू गो मावशे?" एवढंच तो म्हणाला. काम आहे म्हणून सांग, म्हटलं.

त्यानंतर तो घरी जायचं टाळायला लागला. गोदामातून सुटला की माझ्याकडं यायचा, जेवायचा आणि तो खेळ खेळत बसायचा. शेवटी त्यानं आपलं मत बोलून टाकलं. मी काउंटरवर बसून ऐकलं. "मुलूख पहिल्यापेक्षा मोठाय. पाऊस खरा वाटतो. घोडा पण दमतो. गोष्ट सोडवत नाय. पण एक खोट हाय. पहिल्यात माणूस मोकळा सोडला का खाली बसायचा. ह्यात बसत नाय. उभाच ऱ्हातो. आमच्या घरी ही लय मोठी खोट हाय. दहातले पाच." अक्षयचं नाव त्यानं काढलं नाय.

लोकांनी त्याला धू धू धुतला. बाकी सगळ्यांनी त्या खेळाला नऊ नाहीतर साडेनऊ दिलेले. बसायचंय तर घरी बस, असं एकानं खाली लिहिलं. कंपनीनं त्यानंतर भाविकला काही पाठवलेलं नाय.

मग मीच दुकान बंद केलं, त्याला नि त्या गोणीला घेऊन एसटीत बसले. आमी पोचलो तेव्हा सकुबाई अंगणात नागली पाखडत होती. एवढे दिवस कुठं होतास, एवढंही तिनं विचारलं नाय. चूल पेटवली, भात ठेवला, हात पुसले. "दाव रे."

"आई, ते पडलंय," भाविक म्हणाला.

त्यानं खेळ लावला. ती पुढं सरकली, बराच वेळ बघत राहिली.

"शाकारलं नाय कोणी," ती म्हणाली. "पडणारच. कोणी ऱ्हायला नगो?" मग तिनं बोट दाखवलं. "ह्यो कोण उभाय?"

"मी."

"मंग तू बस तिथं."

भाविकनं माणूस मोडक्या ओटीवर आणला नि हात मागं घेतला. आमी तिघं बघत राहिलो. माणूस इकडं बघायचा, तिकडं बघायचा, ह्या पायावरून त्या पायावर व्हायचा.

"ह्यात बसता येत नाय गो आई."

"ऱ्हाऊ दे उभा," सकुबाई म्हणाली. "दमला का बसंल."

ती त्याच्यावरची नजर काढेना. भात करपल्याचा वास आला तरी उठली नाय. मीच जाऊन तो उतरवला.