मुरमाच्या ढिगावर केळीचे खांब

फोपनारच्या मालूबाईला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. केळी निंदताना ती बोलायची, भाकरी थापताना बोलायची, आणि ऐकायला माणूस नसलं तर बैलांशी बोलायची. नवरा शालिग्राम अगदी उलटा. दिवसभरात त्याच्या तोंडून मोजके शब्द निघत, त्यातलेही निम्मे बैलांच्याच वाट्याला जात. तरी दोघांचं छान चाललं होतं. घोळ घातला तो शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीनं.

खाण दगडाची. रेल्वेच्या रुळांखाली घालायची गिट्टी तिथून निघायची. इंग्रज गेले त्या सुमारास ठेकेदारानं काम थांबवलं, सामानसुमान गाडीत घातलं आणि तो गेला तो गेलाच. मागे उरला एक खोल खड्डा, आणि त्याच्या काठाशी घराहून उंच मुरमाचा ढीग. त्यावर गवताची काडी धरत नव्हती. पाऊस झोडपू लागला की मुरूम, चुरी, गोटे ओघळत खाली यायचे आणि शालिग्रामच्या काळ्या रानात पसरायचे. दरसाल थोडी थोडी केळी त्याखाली जायची.

मालूबाईचा भाऊ गिरधर बऱ्हाणपूरला कापडाच्या मिलमध्ये होता. त्यानं मेहुण्यासाठी तिथं कामाचं जुळवून आणलं. शालिग्रामला गाव सोडवत नव्हतं, पण दगड वेचून तोही थकला होता. त्यानं बायकोला सांगितलं, "हा एक पावसाळा पाहू. दगड आले तर शहरात जाऊ."

एवढं तो एका दमात बोलला, तेव्हा मालूबाई समजली की गोष्ट गंभीर आहे.

त्या वर्षी गावातल्या पारावर दुसराच विषय गाजत होता. राज्यं नव्यानं बांधायची होती. बऱ्हाणपूर मुंबईकडे जाणार, की नागपूरपासून सुटून भोपाळशी जोडलं जाणार, यावर माणसं तावातावानं भांडत. मालूबाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता म्हणाली, "राज्य कुठंबी जाऊ द्या. तो मुरूम तेवढा माह्या वावरात नको यायले."

आणि ती कामाला लागली. केळीचा घड कापला की उरलेला खांब कुणालाच नको असतो. बांधावर पडून तो कुजतो, वास मारतो. मुरूम अडवायला मालूबाईनं घरोघर जाऊन ते खांब मागितले. लोकांनी आनंदानं दिले, वर गाडीत भरूनही दिले. डोंगराला केळवण करते म्हणून बायका हसल्या. मालूबाईही हसली.

पहिल्या दिवशी तिनं खांब जमतील तसे ढिगावर टाकले. त्यातला एक सुटला, गडगडत आला आणि खाली उभ्या असलेल्या शालिग्रामला घेऊन पाटाच्या चिखलात बसला. शालिग्राम उठला, त्यानं धोतर पिळलं आणि तो बाभळीच्या खुंट्या तासायला बसला.

खुंट्या तयार झाल्या, पण खांब कुठल्या रेघेवर आडवे घालावेत हे काही कळेना. डोळ्याला सपाट वाटे आणि घागरभर पाणी ओतलं की ते भलतीकडेच पळे. ढिगावरून उखर्डूच्या शेळ्या रोज चरायला जात-येत. उखर्डूची झोपडी खाणीच्या तोंडाशीच होती. शेळ्यांकडे पाहता पाहता मालूबाईच्या ध्यानात आलं, की त्या कधी सरळ वर चढत नाहीत. आडव्या चालतात, वळतात, परत आडव्या चालतात. त्यांच्या खुरांनी ढिगावर पायवाटा पडल्या होत्या. नवरा-बायकोनं त्याच वाटांवर खांब मांडले आणि खुंट्या ठोकल्या. या वेळी ओतलेलं पाणी खांबाशी येऊन थबकलं.

मग मालूबाईनं खांबांमागे शेवगा आणि बोर लावली. शेळ्यांनी ती आठवड्याच्या आत साफ केली. मालूबाई उखर्डूच्या दारात जाऊन इतकी भांडली, की पारावरचं राज्यांचं भांडण त्यापुढे फिकं पडलं. उखर्डूचं म्हणणं एकच होतं, शेळीला बोर खाऊ नको हे सांगणार कोण? दोघांचं बोलणं बंद झालं. मालूबाईनं बोलणं बंद करावं, ही गावात नवलाचीच गोष्ट होती.

रागारागात ती माहेरी देडतलाईला गेली. तिथल्या खडकाळ उतारावर सीताफळीची रानं माजली होती, आणि गावच्या शेळ्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. येताना तिनं गोणपाटात रोपं बांधून आणली. रेल्वेच्या कुंपणातली घायपाताची पिल्लंही उपटून आणली. कुजत चाललेल्या खांबांच्या ओलीत ती भराभर रुजली.

श्रावणात एका दिवशी सकाळपासून पाऊस जो लागला, तो दुपारपर्यंत थांबायचं नाव घेईना. शालिग्राम फावडं घेऊन बांधावर उभा राहिला. मालूबाई ढिगावर चढली. वरच्या ओळी पाणी अडवत होत्या. मधल्या ओळीतला एक खांब मात्र पार कुजला होता. तो तिच्या डोळ्यांदेखत फुटला आणि त्या भगदाडातून लाल पाणी उसळलं. आता ओळीमागून ओळ जाणार, हे तिला दिसत होतं. ती हातांनी गोटे लोटू लागली, पण ते पाण्याबरोबर निघून जात होते.

तेवढ्यात वरून उखर्डू आला. डोक्यावर त्याची स्वतःची झोपायची बाज होती. त्यानं ती भगदाडात आडवी घातली, वर दगड रचले आणि पाय रोवून तिला टेकून उभा राहिला. शालिग्रामही धावत आला. तिघांनी मिळून दगड, माती, घायपाताची पानं, हाताला येईल ते त्यात कोंबलं. पाणी हळूहळू वळलं आणि कडेनं खाणीच्या खड्ड्यात उतरू लागलं.

पाऊस ओसरल्यावर मालूबाईनं विचारलं, "उखर्डूभाऊ, तुमी कशाले आले?"

उखर्डू दाढीतलं पाणी निपटत म्हणाला, "माह्या शेळ्याइची वाट वाहून चालली होती ना, वहिनी."

मालूबाईला हसू आवरेना. शालिग्रामही हसला, आणि तो हसताना कसा दिसतो हे उखर्डूनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

केळीत मुरूम आलाच नाही असं नाही. दोन-चार पाट्या आला, तो शालिग्रामनं तासाभरात वेचून टाकला. मिलच्या कामाला त्यानं नाही म्हणून कळवलं. उखर्डूसाठी त्यानं स्वतः सुंभ वळून नवी बाज विणली. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलं, ते चैत्रापर्यंत शेळ्यांना पुरलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बऱ्हाणपूर भोपाळच्या राज्यात गेलं. पारावर काही जण हळहळले, काहींनी पेढे वाटले. त्याच दिवाळीत गिरधर भाऊबीजेला आला. ढीग हिरवागार झाला होता. जुने खांब मातीत मिसळून गेले होते आणि त्यांच्या जागी गवत उभं होतं. गिरधरनं सगळीकडे फिरून पाहिलं. ओवाळून झाल्यावर तो बहिणीला म्हणाला, "माई, मिलच्या भोंग्यानं कान किटले. खाणीपाशी एका झोपडीपुरती जागा निघंल का?"

मालूबाईनं त्याला आधी जेवायला बसवलं. मग जागा कुठली, दार कोणत्या बाजूला, अंगणात काय लावायचं, हे ती सांगत राहिली, ते त्याचं जेवण होऊन हात वाळले तरी संपलं नव्हतं.