तीनशे एकोणपन्नासचा ऊद

निघोज्याचे जयसिंगराव आमच्या कंपनीत पेंट शॉपचे शिफ्ट सुपरवायझर होते. आमची कंपनी मोटारींचे बंपर रंगवते आणि मी, शेखर, तिथं मेंटेनन्सला आहे. जयसिंगरावांना ‘राव’ लावायचं ते वयामुळे नाही, वय त्यांचं चव्वेचाळीस. पण कंपनी जिथं उभी आहे तिथं पूर्वी त्यांच्या घरची ज्वारी उभी असायची, आणि ही गोष्ट नव्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत. “तो ओव्हन दिसतोय ना, तिथं आमची विहीर होती.” जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती यांच्या वाट्याला आली. चिकटले तेव्हा सुपरवायझर होते, अठरा वर्षांनी पण सुपरवायझरच होते. कंपनीनं त्यांना वर चढवलं नाही आणि गावाच्या धाकानं खालीही उतरवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी चऱ्होलीत एका गृहप्रकल्पाचं भूमिपूजन झालं. तिथं त्यांची गाठ दादासाहेबांशी पडली. दादासाहेब म्हणजे त्या पट्ट्यातलं जमिनीच्या व्यवहारातलं मोठं प्रस्थ. त्यांनी जयसिंगरावांना दुसराच कोणीतरी समजून कडकडून मिठी मारली. चूक लक्षात आल्यावर ते एक शब्द न बोलता पुढच्या माणसाकडे गेले. पण त्यांच्या अंगचा वास जयसिंगरावांच्या शर्टावर राहिला. गडद, लाकडासारखा, थोडा धुरकट.

त्या वासानं जयसिंगरावांना घेरलं. दोन दिवस त्यांनी तो शर्ट धुवायला टाकू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दादासाहेबांच्या ड्रायव्हरला गाठून त्यांनी वासाचं नाव विचारलं. “ऊद आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “अरबी. तोळ्यावर मिळतो.” एका तोळ्याचा भाव ऐकून जयसिंगरावांनी विषय बदलला आणि पावसापाण्याचं विचारलं.

पण माणूस जिद्दीचा. चाकणला तळेगाव चौकाजवळ मोबाइलची कव्हरं विकणारं एक दुकान आहे, तिथं कव्हरांच्या शेजारी सेंटच्या बाटल्याही असतात. दुकानदारानं काळी, सोनेरी टोपणाची एक बाटली काढून दिली. वर उंटाचं चित्र होतं.

“हे घ्या भाऊ, सेम टू सेम. वुडी आहे.”

“वुडी म्हंजे?”

“लाकडी. मर्दानी वास. सकाळी मारला की संध्याकाळपर्यंत हलत नाही.”

ती बाटली घेऊन जयसिंगराव घरी आले, मानेवर दोन, मनगटांवर एकेक आणि छातीवर तीन फवारे मारून ओसरीत येऊन बसले. त्यांचे वडील यशवंतराव ऐंशीच्या घरातले. त्यांनी दोनदा नाक वर केलं.

“कुणाच्या मयतीला गेलतास रं?”

“न्हाई अण्णा. का?”

“लाकडं जळाल्यागत वास येतोय.”

बायको, तनुजा, आतून बाहेर आली. तिला ऊद माहीत होता तो दर गुरुवारी धुपाटणं घेऊन दारी येणाऱ्या फकिराचा. “अवो, ऊद भुतंखेतं जाण्यासाठी घालत्यात,” ती म्हणाली. “तुमी कुणाला घालवाया निघालाय?”

घरच्यांना कदर नसते, असं मनाशी म्हणून जयसिंगरावांनी तो वास लग्नकार्यापुरता ठेवला. तिथं लोक जवळ येऊन हुंगत आणि विचारत. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, की मेहुणा दुबईला असतो, तो पाठवतो. मेहुणा इथंच माण गावात राहतो आणि त्याची दोन जेसीबी यंत्रं आहेत. दुबई त्यानं पाहिलेली नाही. पण एकदा बोललेलं परत घेता येईना, मग दर लग्नात दुबई थोडी थोडी वाढत गेली. मेहुण्याला तिथं फ्लॅट मिळाला, पुढं गाडी मिळाली.

यंदाच्या मार्चमध्ये आमच्याकडे असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी झाली. माणसाची छाप आधी वासानं पडते, असा एक व्हिडिओ जयसिंगरावांनी फोनवर पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून ते ऊद लावून कामावर येऊ लागले. कंपनीच्या बसमध्ये ते चढले की पुढच्या चार सीटांवरच्या खिडक्या उघडायच्या. कोणी काही बोलत नव्हतं. लोकल माणसाला वासाबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या विहिरीबद्दल बोलल्यासारखं होतं.

आता पेंट शॉपचा नियम सांगायला हवा. ओला रंग फार नाजूक असतो. डिओ, केसांचं तेल, जेल, हाताचं क्रीम यांतल्या काही वस्तूंमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा कण रंगावर बसला की तिथून रंग मागे सरकतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडतो. त्याला आम्ही क्रेटर म्हणतो. म्हणून दारावर ठळक बोर्ड आहे, असलं काहीही लावून आत येऊ नये. त्या बोर्डाखाली उभं राहून प्रत्येक कामगाराचं डोकं आणि काखा तपासायचं काम शिफ्ट सुपरवायझरचं, म्हणजे जयसिंगरावांचं. ते हे काम मन लावून करत. ऊद लावलेल्या मनगटानं दुसऱ्याची कॉलर ओढून हुंगत आणि एखाद्याला परत पाठवत. “तोंड धुऊन ये. साबण कसला वापरतोस, बघू.”

ऊद लावल्याच्या पहिल्याच आठवड्यात बंपरांवर क्रेटर दिसू लागले. आधी वीस, मग चाळीस, मग एका शिफ्टला नव्वद बंपर बाद. मी हवेचे फिल्टर तीनदा बदलले, पाइप धुतले, कंप्रेसर उघडून बसवला. रंग पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन शपथेवर सांगून गेला, की रंगात दोष नाही. आमचे प्लांट मॅनेजर निरंजन सर रोज दोनदा फोनवर ग्राहकाच्या शिव्या खात होते. शेवटी त्यांनी चौकशी नेमली आणि त्या विभागातला सर्वांत जुना माणूस म्हणून तिचं पुढारपण जयसिंगरावांना दिलं.

जयसिंगरावांना दोन दिवसांत गुन्हेगार सापडला. भिवा.

भिवा एक्कावन्न वर्षांचा, लातूरकडचा, कॉन्ट्रॅक्टवर लागलेला. रंगाआधी बंपर पॉलिश पेपरनं घासायचं त्याचं काम. कमी बोलणारा, नेटका माणूस. जयसिंगरावांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

“तू डोक्याला तेल लावतोस.”

“न्हाई साहेब,” भिवा म्हणाला. त्यानं टोपी काढून डोकं पुढं केलं. कानांच्या वर करड्या केसांची एक झालर होती, बाकी मैदान. “तेल लावायला केस तर पायजेत की.”

“केस नसले म्हणून काय झालं, डोकं तर आहे.”

कोणीतरी हसलं. मी हसलो नाही, पण बोललोही नाही, हे इथं लिहून ठेवतो. जयसिंगराव भिवाच्या अगदी जवळ गेले, खोल श्वास घेतला आणि मागं वळून निरंजन सरांना म्हणाले, “सर, वास येतोय. नक्की येतोय.” वास येत होताच. त्याच दुपारी भिवाचा गेटपास बंद झाला. डबा घेऊन तो चालत हायवेला गेला, कारण मधल्या वेळेला बस नसते.

दुसऱ्या दिवशी एकशेचार बंपर बाद झाले.

आमच्या लॅबमध्ये आम्रपाली आहे. पिंपरीची, वडील तिथल्याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, हल्ली गुडघ्यांनी हैराण, ती केमिस्ट्री शिकलेली. ती कोणावर आरोप करत नाही, वस्तू मागून घेते. तिनं माझ्याकडून ग्रीस नेलं, हातमोजे नेले, पुसायची फडकी नेली, कँटीनमधला साबणही नेला. ओला रंग लावलेल्या पट्टीजवळ ती प्रत्येक वस्तू धरून बघायची. संध्याकाळी मला म्हणाली, “तुमचं ग्रीस निर्दोष आहे.” माझ्या नोकरीच्या काळात मला मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र.

मग एप्रिलमध्ये जयसिंगरावांनी दोन दिवस रजा घेतली. माणच्या मेहुण्याची वास्तुशांत होती. त्या दोन दिवसांत एकही क्रेटर पडला नाही. तिसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन कामावर आले आणि पहिल्याच तासात अकरा बंपर गेले.

आम्रपालीनं हजेरीपट आणि क्रेटरचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून निरंजन सरांना दाखवला. त्यांनाही नाक होतंच, पण तोवर त्यांनी ते वापरलं नव्हतं. जेवणानंतर लॅबमध्ये आम्ही चौघं जमलो. कंप्रेसरबद्दल काही विचारायचं झालं तर असावा म्हणून मला बोलावलं होतं.

“सर, तुम्ही अंगाला काय लावता?” आम्रपालीनं जयसिंगरावांना विचारलं.

“ऊद,” ते अभिमानानं म्हणाले. “कधीपासून कोणी विचारेल म्हणून वाट बघत होतो.”

“कुठं लावता?”

“लॉकर रूममध्ये. ओव्हरऑल चढवल्यावर. नाहीतर वास आतच राहतो.”

आमच्याकडे आत जाताना एअर शॉवर असतो. अंगावरची धूळ उडावी म्हणून चारी बाजूंनी जोराची हवा सुटते. त्या हवेनं रोज त्यांचा ऊद सगळ्या शिफ्टच्या अंगावर सारखा वाटून दिला जात होता.

“पण बोर्डावर परफ्यूमला मनाई आहे,” निरंजन सर म्हणाले.

“सर, बोर्डावर डिओ लिहिलंय. ऊद म्हणजे डिओ नव्हे, ऊद म्हणजे लाकूड. लाकडात कुठलं आलंय सिलिकॉन? घ्या, लावा परीक्षेला.” आणि त्यांनी खिशातून बाटली काढून स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवली. खोक्यासकट.

आम्रपालीनं काळ्या रंगाची ताजी पट्टी ठेवली आणि हातभर अंतरावरून एक फवारा मारला. आधी काही झालं नाही. जयसिंगराव हसून माझ्याकडे बघत होते. मग रंगानं अंग चोरल्यासारखं केलं आणि पट्टीभर बारीक बारीक खड्डे उघडले. देवीचे व्रण असावेत तसे.

आम्रपालीनं क्रेटर मोजायची भिंगं काढली आणि खोक्याच्या मागचा मुंगीएवढा मजकूर मोठ्यानं वाचू लागली, घटकांमध्ये सिलिकॉन शोधायला. ते तिसऱ्या ओळीत सापडलं, वास अंगावर टिकावा म्हणून घातलेलं. पण ती सवयीनं खालपर्यंत वाचत गेली. “भारतात निर्मित. किंमत, सर्व करांसहित, रुपये तीनशे एकोणपन्नास.”

जयसिंगरावांचा चेहरा उतरला तो तेव्हा, खड्डे दिसल्यावर नाही. शेकडो बंपर बाद झाले होते, एका माणसाची रोजी गेली होती. त्यांनी तोंड उघडलं ते हे सांगायला, “किंमत मुद्दाम कमी छापतात. कस्टमवाल्यांसाठी.”

“भारतातून भारतात यायला कस्टम लागत नाही,” आम्रपाली म्हणाली आणि पट्टीला लेबल लावायला वळली.

निरंजन सरांनी अहवाल लिहिला. कारण: बाह्य रासायनिक प्रदूषण. नाव नाही. जयसिंगरावांची बदली डिस्पॅचला झाली, अधिक जबाबदारीच्या कामावर, असं पत्रात लिहिलं होतं. आता ते उघड्या यार्डात ट्रक मोजतात आणि हवे तितके फवारे मारतात.

भिवासाठी आम्रपालीनं दोन मेल लिहिले. दुसऱ्याला उत्तर आलं, की हा विषय ठेकेदाराचा आहे. ठेकेदारानं त्याच्या जागी केव्हाच दुसरा माणूस भरला होता. तिनं माझ्याकडून भिवाचा नंबर घेतला आणि माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. भिवा महाळुंग्याला एका गोदामात खोकी बांधायच्या कामाला लागला होता, आधीपेक्षा कमी पगारावर.

“मग कशानं होत होतं ते, मॅडम?”

तिनं सांगितलं.

“आमाला वाटायचं साहेब सकाळी देवाला ऊद घालून येतेत,” भिवा म्हणाला. “म्हनून कुनी बोललं न्हाई.” मग त्यानं तिच्या वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मला जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

मे महिन्यात निघोज्यात एका हळदीला गेलो होतो. मांडवाच्या कडेला आठदहा जण घोळका करून बसले होते आणि मधे जयसिंगराव होते.

“जर्मन पेंट होता,” ते सांगत होते. “जगात कुठंच त्याला काही होत न्हाई. पण माझा ऊद समोर आला आन् पेंट फाटला. लॅबवाल्यांनी भिंगं लावून बघितलं. मॅनेजर म्हणला, जयसिंगराव, एवढा स्ट्राँग माल आमच्या प्लांटला झेपणार न्हाई, तुम्ही यार्ड सांभाळा.”

“आमाला बी एक बाटली मागवा की मेहुण्याकडनं,” एक जण म्हणाला.

“बघतो. तिकडनं यायला वेळ लागतो.”

घोळका उठला तेव्हा मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, “जयसिंगराव, गोष्टीत भिवा आलाच नाही.”

त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवल्यासारखं केलं.

“त्याला तर मी आधीच सांगितलं होतं राव,” ते म्हणाले, “तेल लावत जाऊ नको म्हणून.” आणि पंगत बसत होती तिकडे, चांगली जागा धरायला निघून गेले.