बुधाजी तांडेलाचा होका

वरळी कोळीवाड्यातला बुधाजी तांडेल वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा डोंगर चढला. त्याला डोंगरात नेणारा मी. त्यामुळे पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष माझा.

सत्तावन्न सालची गोष्ट. मी बीडीडी चाळीत राहायचो, म्युनिसिपालटीत कारकून होतो. नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला वर्ष होत आलं होतं. त्या दिवसांत आमच्या चाळीत स्वस्थ बसणारा माणूस शोधून सापडला नसता. ऑफिस सुटलं की सभा, सभा नसली की मोर्चा, मोर्चा नसला की उद्याच्या मोर्चाची बोलणी. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ही अक्षरं भिंतीवर काढताना शर्टाच्या बाहीला लागलेलं डांबर कधी निघालंच नाही. आणि रविवारी आम्ही पाच-सहा जण डोंगरात जायचो. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बसवत नव्हतं, एवढंच.

मासळी मी वरळी नाक्यावर मंजुळामावशीकडून घ्यायचो. एकदा बांगडे साफ करता करता तिनं विचारलं, “रामजी, तुमच्या त्या डोंगरात म्हातारा माणूस चालंल काय?”

“कोण म्हातारा?”

“आमचे हे. घरात पाय ठरत नाय त्यांचा. माझं डोकं फिरायची वेळ आलीय.”

बुधाजीनाना तीस वर्षं स्वतःच्या होडीचा तांडेल होता. तांडेल सांगेल तिकडे होडी. पण खारा वारा आणि ऊन खाऊन त्याच्या उजव्या डोळ्यावर नाकाकडून एक पांढुरका पडदा चढत आला, आणि डाव्या डोळ्याला जवळचं दिसेनासं झालं. आदल्या वर्षी संध्याकाळी परत येताना किनाऱ्यावरच्या एका दिव्याच्या जागी त्याला दुसराच दिवा वाटला, आणि होडी खडकाला घासली. माणसं वाचली, जाळं गेलं. त्या नारळी पौर्णिमेनंतर सुकाणू धाकट्या भावाच्या, लहूच्या हातात आलं. कोणी नानाला उतर म्हटलं नाही. लहू सुकाणूपाशी जाऊन उभा राहिला आणि नाना बाजूला झाला.

तेव्हापासून होड्या निघायच्या वेळी तो कोळीवाड्यात थांबत नसे. हाजीअलीपर्यंत चालत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. जाळी शिवायला बसवलं तर सुतळी तशीच टाकून उठायचा.

आम्हाला त्याचा उपयोग होता. मागच्या खेपेला धुक्यात आम्ही तीन तास एकाच टेकडीभोवती फिरलो होतो. होकायंत्र वाचता येणारा माणूस आमच्यात नव्हता. नाना त्याला होका म्हणायचा. होडीवरचा होका लाकडी पेटीतला, नारळाएवढा. तो काही डोंगरावर न्यायचा नव्हता. म्हणून एका शनिवारी मी त्याला भेंडीबाजारापलीकडच्या जुन्या बाजारात घेऊन गेलो. लढाई संपल्यावर विकलेलं लष्करी सामान तेव्हा तिथे ढिगानं मिळायचं.

एक लष्करी होका मला एकदम पसंत पडला. पितळी, झाकणाचा. झाकणाच्या काचेवर उभी रेघ, अलीकडे बोटाच्या पेराएवढं भिंग. भिंगाला डोळा लावायचा, रेघ लांबच्या झाडावर धरायची आणि त्याच भिंगातून खालचा आकडा वाचायचा. नानानं तो बराच वेळ डाव्या डोळ्याला लावून धरला.

“झाड दिसतं,” तो म्हणाला. “आकडा नाय दिसत.”

“मग चष्मा घ्या.”

“ही दुसरी तबकडी बरी वाटते मना.” त्यानं शेजारचा एक जुनाट होका उचलला. त्यातली तबकडी अर्धी काळी आणि अर्धी शिंपल्याची, पांढरीशुभ्र होती. आकडे पुसट झाले होते.

“नाना, ते खेळणं आहे. हा लष्कराचा आहे.”

वाद न घालता त्यानं लष्कराचाच घेतला. वर्षभर सगळेच त्याला काय करायचं ते सांगत होते. त्यात मी आणखी एक. बाहेर फूटपाथवर चष्म्यांची पेटी घेऊन बसलेल्या माणसाकडून त्यानं तारेचा एक चष्मा घेतला, आणि तेव्हा कुठे भिंगातला आकडा त्याला वाचता आला. मला फार शहाणपण केल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही लोणावळ्याहून राजमाचीकडे निघालो. पाऊस सरत आला होता, पण रानात ढग उतरले होते. वाट उत्तरेची, डावीकडे दरी. नाना पुढे. दर शंभर पावलांवर थांबायचा, होका डोळ्याला लावायचा, हात करायचा. आम्ही त्या दिशेनं चालायचो. त्या दिवशी तो वेगळाच माणूस होता. पाठ ताठ, आवाज मोठा. “चला रे, पाय उचला,” असं आम्हालाच सांगत होता.

तासाभरानं पायाखालचं गवत बदललं. झाडं संपली. तोंडावर खालून वारा यायला लागला. नाना जागीच थांबला आणि दोन्ही हात आडवे पसरून म्हणाला, “कोणी पुढं यायचं नाय.”

ढग जरा हलला. आमच्यापासून चार पावलांवर जमीन संपत होती.

आम्ही मागे सरकून खाली बसलो. नाना एकटा उभा. त्यानं होका डोळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला. मग चष्मा काढून होक्याजवळ नेला. तबकडी हळूच फिरली. चष्मा लांब नेला, तबकडी परत आली.

“लोखंडी तार,” तो म्हणाला.

मला काहीच कळलं नाही. तो माझ्याकडे न बघता सांगू लागला, “होक्याच्या पेटीजवळ कोयता ठेवला म्हणून मी खलाशाच्या कानाखाली मारलेली हाय. तीस वर्षं होक्याजवळ लोखंड येऊ दिलं नाय. आणि आज नाकावर घालून आलो.”

डावा डोळा लावायचा, त्यामुळे चष्म्याचा उरलेला भाग होक्याच्या उजवीकडे राहायचा आणि तबकडीचं नाकाकडचं, दक्षिणेचं टोक उजवीकडे ओढायचा; मग उत्तरेचं टोक डावीकडे जायचं. दर खेपेला आम्ही थोडे थोडे डावीकडे, दरीकडे सरकत गेलो होतो. उजवीकडे वळून, ठेचकाळत, आम्ही दुपारी वाटेला लागलो. नाना सर्वांत मागून आला.

पुढचे कितीतरी दिवस तो मला दिसला नाही. मंजुळामावशीनं सांगितलं, “जेवतात, पण बसून जेवत नायत.” मी त्याच्या घरी जायचं टाळत होतो. शेवटी एका हरताळाच्या दिवशी तोच चाळीच्या जिन्यात उभा.

“बाजारात येतोस?”

“नाना, आज सगळं बंद आहे. ट्रामही नाहीत.”

“चालत जाऊ.”

लालबागपर्यंत रस्त्यात दगड पडलेले, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. भायखळ्याला पोलिसांनी अडवलं. कुठं चाललात, म्हणून विचारलं. नाना म्हणाला, “होका बदलायला.” हवालदारानं आम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात खाडा केला आणि आम्ही पुन्हा गेलो.

काळी-पांढरी तबकडी अजून होती. या वेळी मी तोंड मिटून राहिलो. नानानं चष्मा खिशात न ठेवता माझ्याकडे दिला आणि मला दहा पावलं लांब उभं केलं. होका लांब हातावर धरून तो जागच्या जागी गोल फिरला. हातभर अंतरावरून त्याला आकडा दिसणं शक्यच नव्हतं, पण काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं ते दिसत होतं. दुकानदारानं आणखी दोन होके पुढे केले, लखलखीत, बारीक अक्षरांचे. नानानं तेही हातभर लांब धरून पाहिले आणि परत केले.

“काळ्याकडे उत्तर,” तो म्हणाला. “मना एवढंच पायजे. लांबचं झाड तुम्ही सांगा.”

तसंच ठरलं. नाना दिशा दाखवायचा, आम्ही त्या दिशेला एखादं झाड नाहीतर दगड धरायचो, तिथे पोचलो की पुन्हा थांबायचो. वेळ लागायचा. आमच्यातले दोघे कंटाळून यायचे बंद झाले. पण धुक्यात आम्ही पुन्हा चुकलो नाही.

एकोणसाठच्या हिवाळ्यात डाव्या डोळ्यावरही पडदा दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, कापून काढता येईल, पुन्हा येणारच नाही असं सांगता येत नाही. नाना काही ठरवेना. तेव्हा मंजुळामावशी एका रविवारी कासोटा घट्ट मारून आमच्याबरोबर निघाली. यांच्यावर नजर ठेवायला, असं म्हणाली. तिची नजर भलती तीक्ष्ण. आम्हाला नुसतं रान दिसायचं तिथे तिला सुकलेली फांदी दिसायची.

राजमाचीच्याच वाटेवर नानानं हात लांब केला. “या अंगाला काय हाय?”

“वाकडं झाड. त्याच्यावर घार.”

“घार उडून जाईल. झाडाचं सांग.”

“झाडाचंच सांगतंय. तुमचा हात हलतो, तो धरा आधी.”

नाना पुटपुटला, पण हात स्थिर केला. मावशी पुढे निघाली आणि आम्ही तिच्या मागून.