ड्रायर बंद राहिला तो दिवस

"सोमवारी युनिट उतरवा. आणि शकीलला परत वर्कशॉपला पाठवा," प्लांट हेड देसाई म्हणाले. मी मान हलवली. शकीलच्या चुकीने युनिट बिघडलं, असा रिपोर्ट मीच दिला होता.

कसबा बावड्याच्या पुढे आमचा कारखाना. बॉयलरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडायचं छोटं युनिट माझ्याकडे होतं. आत सिलिकाचे दाणे. प्रत्येक दाण्यात असंख्य बारीक छिद्रं, आणि छिद्रांना आतून अमाईन या रसायनाचा थर. धूर आला की अमाईन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, तापवलं की सोडतं. दाणे पुन्हा वापरायचे. आमचे दाणे मात्र दर फेरीला कमी पकडू लागले होते.

शकील मुल्ला आमचा ऑपरेटर. एक दिवस धूर कोरडा करणारा ड्रायर लावायला तो विसरला. मी लॉगबुकात लाल पेनाने लिहिलं, 'ऑपरेटरची चूक. दाणे खराब.'

"साहेब, त्या दिवशी रीडिंग घसरलं न्हवतं की."

"तू मला केमिस्ट्री शिकवणार?"

"न्हाय. मीटर बघाय येतंय, तेवढं सांगतोय."

आधीच्या नोकरीत मी याच कामासाठी झिओलाइट हे वेगळं द्रव्य हाताळलं होतं. त्याला ओलावा चालत नाही. तोच नियम मी इथे न तपासता लावला.

देसाईंकडून परतल्यावर मी लॉगबुकातलं त्या दिवसाच्या रीडिंगचं पान पहिल्यांदा नीट पाहिलं. शकीलचं खरं होतं. मग अमाईनवर मिळेल ते वाचलं. तापवताना आत अगदी कोरडा कार्बन डायऑक्साइड असेल, तर अमाईन त्याला कायमचं चिकटून निकामी होतं. थोडा ओलावा असला की ते टळतं. म्हणजे रोज ड्रायर लावायला सांगून दाणे मीच मारत होतो.

तरी दुपारपर्यंत मी गप्प राहिलो. ते अजून सलतं. शकील टूलबॉक्स आवरताना दिसला, तेव्हा उठलो.

"चूक त्याची नाही, माझी आहे," मी देसाईंना म्हणालो.

"लेखी देणार?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. "चार दिवस देतो. दाखवून द्या."

नवे दाणे भरले. ड्रायर काढला. मीटरवर शकील. दर फेरीनंतर तो एवढंच सांगे, "हललं न्हाय, साहेब." चौथ्या दिवशी शेवटच्या फेरीतही आकडा पहिल्या फेरीइतकाच आला. शकील फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतला. आपल्या टीमने गोल मारल्यावर मारतात तशी शिट्टी त्याने कंट्रोल रूममध्ये मारली. देसाई हसले. युनिट राहिलं, शकीलही राहिला.

मी लॉगबुकातली ती ओळ खोडली आणि खाली 'माझी चूक' लिहून सही केली.

"तारीख बी टाका की," शकील म्हणाला.

टाकली. ड्रायर आता स्टोअरमध्ये पडून आहे. माझा अनुभव दुसऱ्या रसायनाचा होता. या युनिटचा अनुभव मीटरसमोर बसलेल्या माणसाकडे होता. त्याला आधी विचारलं असतं, तर दाण्यांची एक भरती वाचली असती.